खूणगाठ

ब्राउझरमध्ये ‘नंतर वाचू’ नावाचा माझा एक कप्पा आहे. परवा तो उघडला, तर सगळ्यात वर मधमाश्यांवरचा लेख. मधमाश्यांशी माझा संबंध काय, तो कशासाठी ठेवला होता, काही म्हणजे काही आठवेना. पदराला गाठ मारायची आणि संध्याकाळी तिच्याकडे बघत बसायचं, तशी गत.

पूर्वी मी कप्प्यांवर फार विसंबून असे. इतिहास, त्यात मराठेशाही, त्यात कर्ज. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद रुमालात बांधलेले असतात. एका कागदात लढाईही असेल आणि सावकाराचं देणंही, पण तो बांधला जाणार एकाच रुमालात. कापडाची ती अडचण मी संगणकावरही इमानेइतबारे पाळत होतो.

१९४५ साली व्हॅनिव्हर बुश या अमेरिकी अभियंत्याने नेमकी हीच तक्रार केली होती. माणसाचं मन वर्गवारीने चालत नाही, एका गोष्टीवरून दुसरी आठवते, असं त्याचं म्हणणं. मायक्रोफिल्मवरचे कागद एकमेकांना जोडत वाचकाने स्वतःची वाट आखावी, तीत स्वतःचे शेरेही घालावेत, असं ‘मेमेक्स’ नावाचं टेबल त्याने कल्पिलं. ते कधी बनलं नाही.

जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लूमान याने मात्र यंत्राची वाट पाहिली नाही. साध्या कागदाच्या चिठ्ठ्या आणि लाकडी खण, एवढंच भांडवल. चिठ्ठ्या भरल्या नव्वद हजारांच्या आसपास. ५७/१२ आणि ५७/१३ यांच्या मध्येच काही सुचलं तर ५७/१२अ. चिठ्ठीची जागा एकदा ठरली की कायमची, विषय कुठलाही असो. बाकीचं काम चिठ्ठीवर लिहिलेले दुसऱ्या चिठ्ठ्यांचे क्रमांक करत. सूचीत एका शब्दापुढे मोजकेच क्रमांक असत. दार दाखवायचं, पुढचं घर ज्याचं त्याने हिंडावं. मला बुशच्या टेबलापेक्षा हे खण जास्त पटतात.

मग १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली याने सर्न या संशोधनसंस्थेत माहितीच्या जाळ्याचा प्रस्ताव मांडला. त्यातल्या आकृतीत वर्तुळं आणि बाण आहेत, आणि गंमत म्हणजे बाणांवर शब्द लिहिलेत: हे त्याचं वर्णन करतं, हे त्याचा भाग आहे. पुढे आपल्या हाती आला तो निळा, अधोरेखित दुवा. कुठे जायचं ते तो सांगतो. का जायचं, याबद्दल अवाक्षर नाही. तो जोडायला इतका सोपा, की माझ्यासारख्याने शेकडो जोडले.

हल्ली दोन टिपणं जोडताना मी बाणावर एक ओळ लिहितो. रुमालाच्या टिपणापासून लूमानकडे गेलेल्या दुव्यावर लिहिलंय: ‘इथेही जागा एकच, पण बाहेर पडायला वाटा आहेत.’ ती ओळ सुचली नाही तर दुवा जोडत नाही. त्यामुळे महिन्याला जेमतेम दहा-बारा होतात.

मधमाश्यांचा लेख शेवटी वाचला. चांगला आहे. का ठेवला होता ते अजून कळलेलं नाही, आणि पुसायला हातही होत नाही.