जुनी गाडी आणि अनासक्ती

निवृत्तीनंतर जुनी प्रीमियर पद्मिनी दुरुस्त करत बसणे म्हणजे उतारवयात मोह वाढवणे, असा आक्षेप वानप्रस्थाच्या आदर्शावर बोट ठेवून घेतला जातो. कुर्ल्याच्या कारखान्यातले उत्पादन थांबून दोन दशके उलटली आणि 2023 मध्ये ती मुंबईच्या टॅक्सींतूनही गेली. मग तिच्या 1089 सीसी इंजिनापायी हात काळे कशाला करायचे? पण हे काम काय शिकवते ते पाहावे. कार्बोरेटर साफ करायचा, गंजलेला पत्रा कापून नवा जोडायचा, रबरी सील बदलायचे. एक भाग सुधारेपर्यंत दुसरा थकतो. ‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो की आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का? सुटे भाग हाताळणाऱ्यापुढे हाच प्रश्न रोज उभा राहतो. पत्रा बदलतो, टिकते ती जुळणी आणि ती जमवणारे कसब.

कोणी म्हणेल, विंटेज रॅलीतली बक्षिसे आणि मिरवण्याची हौस यांचे काय? छंदात अहंकार शिरतो हे खरेच, पण तो मठातही शिरतो. गीतेच्या कर्मयोगानुसार बंधन कर्मात नसते, फलाच्या आसक्तीत असते. पगार, बढती, मुदत सारे मागे पडल्यावरही जो नटबोल्ट चोख आवळतो, त्याच्याजवळ कामाखेरीज दुसरे कारण उरत नाही. त्याची कसोटी एवढीच, की वेळ आल्यावर किल्ली आणि कसब दोन्ही दुसऱ्याच्या हाती देता यावे. ते जमले, तर वानप्रस्थ गॅरेजमध्येही पाळता येतो.