थोडंसंच तर गळतंय

पॉवर स्टीअरिंगचा होज गळायला लागला की तो बदलायचा असतो. गाडीखाली पुठ्ठा अंथरणे आणि वरून ऑइल ओतत राहणे ही दुरुस्ती नव्हे. या आठवड्यात टॅक्सी स्टँडवर आणि सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये लाल डागांचे पुठ्ठे पुन्हा दिसले. मालकांचे उत्तरही तेच: "थोडंसंच तर गळतंय."

जुनी इनोव्हा, बोलेरो यांसारख्या हायड्रॉलिक स्टीअरिंगच्या गाड्यांत इंजिनच्या बेल्टवर फिरणारा पंप ऑइल दाबाने पुढे ढकलतो. एक पाइप दाबाचा, दुसरा परतीचा. स्टीअरिंग फुल लॉक केले की दाबाच्या पाइपमधला दाब ७० ते १०० बारपर्यंत चढू शकतो; कारच्या टायरमध्ये तो जेमतेम अडीच बार असतो. इंजिनच्या उष्णतेने रबर कडक होते आणि धातूची नळी रबरावर जिथे दाबून बसवलेली असते, तिथे बहुधा आधी ओल दिसते.

'थोडंसं' हे माप उभ्या गाडीखालच्या थेंबांचे असते. पण इंजिन बंद असताना पाइपमध्ये दाबच नसतो. खरे ऑइल जाते ते चालत्या गाडीतून, वळणावर, जिथे पुठ्ठा नसतो. टॉप-अपने पातळी वाढते, चीर तशीच राहते. एखाद्या दिवशी ऑइल बघायचे राहून जाते, पंप हवा ओढतो, ऑइलला फेस येतो आणि स्टीअरिंग फिरवताना कण्हल्यासारखा आवाज येतो. हेच ऑइल पंपाचे वंगणही असते. ते संपले की पंप घासून निकामी होतो. होजचे पैसे वाचवणारा मग पंपाचे पैसे मोजतो. तो त्याचा प्रश्न. पण घाटात स्टीअरिंग एकाएकी जड होते ते ड्रायव्हरच्या हातात, आणि भाड्याच्या गाडीत बहुतेकदा तो मालक नसतो. रस्त्यावरच्या तेलकट डागावरून पावसात घसरते ती मागून येणारी दुचाकी. तापलेल्या एक्झॉस्टवर पडलेले ऑइल पेटूही शकते आणि त्या वेळी गाडीत प्रवासी असतात. 'थोडंसं' म्हणणाऱ्याच्या वाट्याला यातले काहीच येत नाही, म्हणून हा शब्द इतक्या सहज तोंडी येतो.

गाडी विकायचीच आहे म्हणणाऱ्याने निदान घेणाऱ्याला गळती दाखवावी. गळती थांबवणाऱ्या औषधाने फाटलेला होज सांधला जात नाही. दाबाचा पाइप कापून मध्ये साधी नळी आणि क्लिप बसवणे तर सरळ धोक्याचे आहे.

होज बदलण्याचे काम तसे अवघड नाही. आधी इंजिन थंड होऊ द्यावे. जागा पुसून गळती नेमकी कुठे आहे ते बघावे. इंजिन चालू असताना बोटाने चाचपू नये, दाबाची बारीक धार कातडीत घुसते. टाकीतले ऑइल सिरिंजने काढून घ्यावे. जुना होज कुठून जातो आणि कोणत्या क्लॅम्पमध्ये बसतो, याचा सोडण्यापूर्वी फोटो काढावा. नट गोल होऊ नयेत म्हणून पाइपच्या नटाचाच पाना वापरावा. ओ-रिंग किंवा वॉशर नवेच घालावेत. घाईत जुनेच परत बसवणाऱ्या मेकॅनिकला इथे थांबवायला हवे. आटे आधी हाताने धरवावेत, मग कंपनीने सांगितलेल्या टॉर्कने आवळावेत. होज एक्झॉस्टला टेकता कामा नये; काढलेले उष्णतारोधक आवरण परत लागलेच पाहिजे.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेलेच घालावे, ब्रेक ऑइल कधीही नाही. त्याने सील फुगून खराब होतात. पुढची चाके जॅक-स्टँडवर उचलून इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे, मधूनमधून पातळी भरावी. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करून तेच पुन्हा करावे. टोकाला स्टीअरिंग धरून ठेवू नये. मग दोन्ही जोड कोरडे आहेत का ते बघावे, आणि दोन-तीन दिवस गाडी चालवल्यावर पातळीसह पुन्हा एकदा.

काढलेले ऑइल गटारात ओतण्याची गॅरेजांची सवय जुनी आहे आणि ती मोडलीच पाहिजे. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल अशा कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावे.