तिला कुठेही करमतं!

मुंबई-गोवा महामार्ग पूर्ण होण्याची आणखी एक नवी तारीख आली. चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं, तेव्हा बालवाडीत असलेली मुलं आता नोकरीला लागायला आली. ज्या पानावर ही बातमी, त्याच पानाच्या खालच्या अर्ध्या भागात कोकणातल्या बंगल्यांची जाहिरात. निवृत्तीनंतरच्या आयुष्याची. आणि तिच्यात नेहमीचा तोच झोपाळा! या झोपाळ्याचा मला राग येतो. त्यावर नवरा बसलेला असतो आणि बायको चहाचा ट्रे घेऊन उभी असते.

परवा ठाण्यात अशा घरांच्या एका प्रदर्शनात गेले होते. शेजारच्या टेबलाशी पंचावन्न-साठीचं जोडपं बसलं होतं. बाईंनी विचारलं, “एप्रिल-मेमध्ये पाणी कुठून येतं?” विक्रेत्याने नवऱ्याकडे बघून उत्तर दिलं, “सर, बोअर आहे.” बाई म्हणाल्या, “आणि ती आटली तर?” नवरा हसला. “तिची काळजी करू नका हो. तिला कुठेही करमतं.”

बाईंनी पाण्याचं विचारलं होतं!

‘तिला कुठेही करमतं’ हे वाक्य मी किती पुरुषांच्या तोंडून ऐकलं असेल! करमतं म्हणे. लग्न होऊन एखादी साताऱ्याहून डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आली, तेव्हा तिला करमत होतं का, हे कोणी विचारलं होतं? तिने तीस वर्षांत एकेक माणूस जोडलं. लोकलच्या डब्यातल्या मैत्रिणी, भिशी, पैसे नंतर द्या म्हणणारी भाजीवाली, रात्री अकरालाही दार उघडणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या डॉक्टर. या सगळ्या मेहनतीची नोंद नवऱ्याच्या वहीत ‘स्वभाव’ म्हणून होते. बायकोबद्दल असं छातीठोकपणे सांगणारे हेच गृहस्थ स्वतःची बदली चंद्रपूरला झाली, तेव्हा ती रद्द करून घ्यायला साहेबांच्या केबिनबाहेर उभे होते. घरातली त्यांची खुर्ची खिडकीपासून हलवली, तर दोन दिवस कोणाशी धड बोलत नाहीत. तिने मात्र साठीत, हाडं कुरकुरायला लागल्यावर, चुलीपासून शेजाऱ्यापर्यंत सगळं नव्याने मांडायचं.

हवा चांगली, खर्च कमी, मुलं तशीही परदेशात, ही तिकडे जाण्याची कारणंही असतात. असोत.

त्या प्रदर्शनातली पुढची गोष्ट मला जास्त लागली. महाराष्ट्रात २०२१ पासून घर बाईच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. उत्तम निर्णय आहे. विक्रेत्याने आठवण करून देताच नवरा म्हणाला, “मग हिच्याच नावावर करा.” म्हणजे कागदावर मालकीण ती, आणि बोअरचं उत्तर अजून तिला मिळालेलंच नाही.

आपल्याकडे बहुतेक घरांत नवरा चार-पाच वर्षांनी मोठा असतो, आणि बायका सरासरीने जास्त जगतात. त्या बंगल्यातली शेवटची वर्षं बहुधा ती एकटीच काढणार आहे. त्याआधी त्याचं आजारपणही तीच काढणार. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. सिंधुदुर्गातून गंभीर रुग्ण आजही गोव्याला, बांबोळीच्या इस्पितळात न्यावे लागतात. जुलैच्या पावसात, वीज गेलेली असताना गाडी कोण काढणार? “तुला कशाला हवंय?” म्हणून तिला गाडी शिकूच दिलेली नाही. जिला तिथे एकटीने राहावं लागण्याची शक्यता जास्त, तिचा शब्द आधी घ्यायला हवा. झोपाळा कुठे टांगायचा, ते मग ठरवा.

कोकणात जाऊच नये, असं मी म्हणत नाही. माझ्या ओळखीत एक मालवणची माहेरवाशीण आहे, तीच नवऱ्याला ओढून घेऊन गेली आणि तो बिचारा अजून दादरच्या आठवणी काढतो. त्यालाही विचारायला हवं होतं. सही करण्याआधी दोघांनी एक अख्खा मे आणि एक अख्खा जुलै तिथे भाड्याने राहावं. त्या दोन महिन्यांत पाणी भरणं, बाजार आणि स्वयंपाक नवऱ्याने करावा.

तरीही ती नाही म्हणाली, तर आभाळ कोसळत नाही. मातीची ओढ त्याला आहे ना, मग त्याने जावं. कोकण रेल्वे १९९८ पासून धावते आहे. तिला वाटलं, तर ती गणपतीत चार दिवस जाईल.