सावलीला आधी ठावठिकाणा सांगावा लागतो

सकाळी अकोल्याहून वाशिमकडे निघालेल्या एसटीत जाणता प्रवासी ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी धरतो. गाडी दक्षिणेला चाललेली, उगवती डाव्या हाताला, म्हणजे ऊन पलीकडच्या रांगेवर. हिशेब चोख असतो. पण पातूर मागे पडून मेडशीच्या अलीकडचा घाट लागला, की ऊन या खिडकीतून त्या खिडकीत उड्या मारायला लागतं. सूर्य जागच्या जागी असतो, वळणं आपली असतात. तरी आपण पडदा ओढत उन्हालाच नावं ठेवतो.

उन्हावरून दिशा ओळखणं सोपं आहे, असं शाळेनं आपल्याला पटवलेलं असतं. उगवत्या सूर्याकडे तोंड करा, समोर पूर्व. हे वाक्य वर्षातून दोनदाच, 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या आसपास, नीट खरं ठरतं. मेडशीत जूनअखेरीस सूर्य पूर्वेच्या सुमारे 25 अंश उत्तरेला उगवतो आणि डिसेंबरात तितकाच दक्षिणेला सरकतो. दोन टोकांत 50 अंशांचा फरक! त्या भरवशावर जंगलात सरळ चालत गेलेला माणूस भलत्याच गावात निघेल.

दुपारचा नियमही असाच. माध्यान्हीची सावली उत्तरेकडे पडते, हे युरोपात बारा महिने खरं आहे. मेडशी कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण 20.4 अक्षांशावर. मे महिन्याच्या 22 तारखेच्या सुमारास इथे सूर्य नेमका डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली काठीच्या बुडात गडप होते. तिथून 20 जुलैच्या आसपासपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला. मनगटी घड्याळाचा तासकाटा सूर्याकडे धरून दक्षिण काढायची प्रसिद्ध युक्ती या दोन महिन्यांत भरदुपारी चक्क उत्तरेला दक्षिण म्हणते. युक्ती खोटी नाही, ती दुसऱ्या मुलखाची आहे. गिर्यारोहणाच्या मराठी पुस्तिकांत ती जशीच्या तशी उतरवणाऱ्यांनी एकदा जूनमध्ये अंगणात उभं राहून पाहायला हवं होतं.

आपल्या जुन्या गणित्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. सूर्यसिद्धांतात त्रिप्रश्नाधिकार नावाचा अध्याय आहे. तीन प्रश्न म्हणजे दिशा, स्थळ आणि काळ. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लिहिलेल्या सिद्धांतशिरोमणीतही तो आहे. तिन्ही प्रश्न एकाच अध्यायात घालण्यामागे विचार आहे: सावली एकच, आणि तिच्यात ही तिन्ही उत्तरं गुंतलेली. दोन ठाऊक असतील तर तिसरं मिळतं. एकही ठाऊक नसेल त्याला मात्र पुष्कळ वेळ द्यावा लागतो.

तो वेळ कसा द्यायचा, हे शुल्बसूत्रांपासून सांगितलेलं आहे. सपाट, सारवलेल्या जागी ओळंबा लावून काठी उभी करायची. तिच्याभोवती दोरीनं वर्तुळ काढायचं. सकाळी सावली लांब असते, हळूहळू आखडत तिचं टोक वर्तुळाच्या रेघेवर येतं. तिथे खडा ठेवायचा. दुपारनंतर सावली वाढत पुन्हा रेघेला भिडते. तिथे दुसरा खडा. पहिल्या खड्याकडे पश्चिम, दुसऱ्याकडे पूर्व. तेवढ्या तासांत सूर्य उत्तर-दक्षिण किंचित सरकतो, पण वाट शोधणाऱ्याला तो फरक जाणवणारही नाही. ही रीत मेडशीत जूनमध्येही चालते, लंडनमध्येही चालते. फक्त अर्धा दिवस मागते. पंधरा-वीस मिनिटांत दोन खुणा करून भागवणारी झटपट रीत आहे, पण सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर त्या खुणा जोडणारी रेघ बरीच तिरकी पडते.

शेतकऱ्याला या खटाटोपाची गरज नसते. उगवतीचा धुरा कोणता, मावळतीचा कोणता, हे त्याला ठाऊक असतं. खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात. स्थळ आणि दिशा हाती असल्यामुळे तो सावलीला फक्त वेळ विचारतो. दिवस कासराभर वर आला, सावली पायाखाली आली, डवऱ्याचे बैल सोडा. आणि ती वेळ त्याच्या शेताची असते. घड्याळातली वेळ मिर्झापूरकडच्या रेखांशाची, मेडशीच्या सुमारे 22 मिनिटं पुढे. इथली खरी माध्यान्ह फेब्रुवारीत तर साडेबारानंतर होते.

प्रश्न येतो तो परक्या रानात. घाटातल्या सागाच्या जंगलात उन्हाळ्यात पानं झडलेली असतात, बुंध्यांच्या सावल्या जमिनीवर आखल्यासारख्या पडतात. पावसाळ्यात वर पानांचं छत आणि त्यावर आभाळ. मग माणूस फिरून त्याच झाडाशी येतो आणि गावात म्हणतात, चकवा लागला. 2009 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. ऊन असताना ते बऱ्यापैकी सरळ चालले. आभाळ भरलेल्या दिवशी जंगलात गोल फिरले, आणि आपण सरळच चाललोय अशी त्यांची खात्री होती. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे: पूर्व कुठे हे माहीत नसतानाही ऊन त्यांच्या उपयोगी पडलं. सावली एकाच खांद्यावर ठेवली की निदान वळण कळतं.

मोबाइलनं हे सारं मोडीत काढलं, असं म्हणणाऱ्यांनी घाटात थांबून नकाशा उघडावा. उपग्रहांकडून येणाऱ्या वेळेवरून फोन जागा काढतो, म्हणजे तीनपैकी दोन प्रश्न झकास सुटतात. उभ्या माणसाचं तोंड कुठे आहे, हे मात्र उपग्रहांना सांगता येत नाही. त्यासाठी फोनमधला छोटा चुंबकीय संवेदक असतो, आणि गाडीच्या लोखंडाजवळ तो भरकटतो. निळ्या ठिपक्याचा पंखा गरागरा फिरतो, आपण हातात फोन धरून हवेत इंग्रजी आठ काढत बसतो. त्यापेक्षा जागा आणि वेळ फोनकडून घ्यावी नि सावलीकडे बघावं. मेडशीत दुपारी चार वाजता ती डिसेंबरात ईशान्येला पडते, जूनमध्ये पूर्वेला, थोडी दक्षिणेकडे झुकलेली. अकोल्याचा रस्ता कोणता, हे ठरवायला तेवढं पुरतं.