निनावी वाणी आणि वाङ्मय तप

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला चंद्र पाहू नये, पाहिल्यास खोटा आळ येतो, असा समज घरोघरी आहे. आणि चुकून चंद्र दिसलाच तर स्यमंतक मण्याची कथा श्रवण करावी, असा परिहारही सांगितलेला आहे. या कथेतील आळ कोणा सामान्य मनुष्यावर आलेला नसून प्रत्यक्ष भगवान श्रीकृष्णांवर आलेला आहे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

सत्राजिताचा भाऊ प्रसेन मणी गळ्यात घालून मृगयेस गेला आणि परतला नाही. तेव्हा कृष्णानेच त्याला मारले असावे, असे सत्राजित बोलून गेला. भागवतकार पुढे सांगतात की, ते ऐकून लोक एकमेकांच्या कानात तेच कुजबुजू लागले. येथे वाणीचे दोन प्रकार झाले. सत्राजिताचे बोलणे चुकीचे होते, परंतु ते त्याचे होते. कुजबुजणाऱ्यांचे बोलणे मात्र कोणाचेच नव्हते. भगवंतांनी कोणावर राग धरला नाही; नगरवासीयांना बरोबर घेऊन ते प्रसेनाच्या मागावर गेले. सिंहाने मारलेला प्रसेन सर्वांनी पाहिला आणि जांबवानाने मारलेला सिंहही पाहिला. पुढे मणी मिळाल्यावर भगवंतांनी सत्राजिताला राजसभेत बोलावून सर्व वृत्तांत सांगितला आणि मणी त्याच्या स्वाधीन केला. सत्राजिताने लज्जेने मान खाली घातली. घरी गेल्यावर, हा अपराध कसा धुऊन काढावा, या चिंतेने तो जळत राहिला. कुजबुजणाऱ्या लोकांचे काय झाले, हे मात्र कथेत येत नाही. कारण त्यांना बोलावणार तरी कोणत्या नावाने?

आज ही कुजबुज हातातील मोबाईलवर चालते. एखाद्या शिक्षिकेविषयी, वैद्याविषयी अथवा शेजाऱ्याविषयी कोणी कल्पित नाव धारण करून चार ओळी लिहितो. त्या शेकडो लोक पुढे पाठवितात. आणि ज्याच्याविषयी लिहिले तो सकाळी उठतो तेव्हा गावाची नजर बदललेली असते. कोणाला उत्तर द्यावे हेही त्याला कळत नाही. संभावित मनुष्याला अपकीर्ती मरणाहूनही जड वाटते, असे दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला बजावले आहे. ते वचन केवळ वीरांपुरते नाही.

राज्याच्या कायद्यानेही ही हानी ओळखली आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ४९९ व ५०० यांची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ ने घेतली. अब्रुनुकसानीस दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड, दोन्ही, अथवा समाजसेवा अशी शिक्षा त्यात आहे. हा गुन्हा संविधानाशी विसंगत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला आणि प्रतिष्ठा हा जगण्याच्या अधिकाराचाच अंश मानला. कल्पित नावामागे लपलेला मनुष्य सापडत नाही, हाही बहुधा भ्रमच होय. इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीला क्रमांक असतो, खात्यामागे पुष्कळदा दूरध्वनी क्रमांक असतो, आणि न्यायालयाच्या आज्ञेने त्यांचा शोध घेता येतो. मुखवटा वाचकांपुरता असतो. यंत्राच्या नोंदवहीत खूण राहिलेली असते.

याच कलमातील पहिला अपवाद साधकाने विशेष लक्षात घ्यावा. केलेला आरोप खरा असून तो प्रसिद्ध करणे लोकहितासाठी आवश्यक असेल, तर तो गुन्हा होत नाही. म्हणजे फौजदारी कायद्यात केवळ सत्य पुरेसे नाही. त्याला हिताची जोड लागते. गीतेच्या सतराव्या अध्यायातील वाङ्मय तपाचे लक्षण याच्याही पुढे जाते. वाक्य उद्वेग न करणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असावे, असे तेथे सांगितले आहे. तेथील ‘च’ या अव्ययावर आचार्य शंकरांनी मुद्दाम लिहिले आहे की, ही सर्व लक्षणे एकत्र असली पाहिजेत. एकाचीही उणीव राहिली तर ते तप नव्हे. सोळाव्या अध्यायातील दैवी संपत्तीत ‘अपैशुन’ हा गुण येतो. पैशुन म्हणजे खोटे बोलणे नव्हे. दुसऱ्याचे छिद्र तिसऱ्यापुढे उघडे करणे, असा त्याचा अर्थ आचार्यांनी केला आहे. ते छिद्र खरे असले तरी उघडे करणाराचा दोष टळत नाही.

येथे एक गंभीर शंका उपस्थित होते. दुर्बळाने प्रबळाचा अन्याय उघड करावयाचा तर त्याने नाव कसे सांगावे? सत्येंद्र दुबे या अभियंत्याने २००२ मध्ये राष्ट्रीय महामार्गाच्या कामातील गैरव्यवहाराविषयी पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. ते पत्र नावासह अनेक हातांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. न्यायालयाने २०१० मध्ये ती लुटीतील हत्या ठरवून तिघांना दोषी धरले; तथापि विश्वासाने सांगितलेले नाव राखले गेले नाही, हे शल्य देशाच्या मनात राहिले. अशा मनुष्याला ‘समोर येऊन बोल’ असे सांगणे हा धर्म नसून क्रौर्यच होईल.

या शंकेचे उत्तर २००४ मध्ये केंद्र शासनाने केलेल्या व्यवस्थेत सापडते. केंद्रीय दक्षता आयोगाकडे अशी तक्रार बंद लिफाफ्यातून करावयाची असते. लिफाफ्यावर पाठविणाऱ्याचे नाव घालू नये, परंतु आतील पत्रावर ते असलेच पाहिजे. निनावी तक्रार आयोग विचारात घेत नाही आणि नाव देणाऱ्याचे नाव उघड करीत नाही. गुप्तता आणि निनावीपणा यांतील सूक्ष्म भेद या एका लिफाफ्यात स्पष्ट होतो. एकजण अन्याय्य सूडापासून स्वतःला वाचवितो, परंतु आपले म्हणणे तपासून घेण्यास सिद्ध असतो. दुसरा तपासापासूनच पळतो. बाहेरून दोघेही अदृश्य असले, तरी पहिल्याने आपल्या वाक्याचे दायित्व उचललेले आहे आणि दुसऱ्याने ते रस्त्यावर टाकून दिले आहे.

कठोर बोलूच नये, असाही याचा अर्थ नाही. रणांगणावर भगवंतांनी अर्जुनाच्या दौर्बल्यावर तीक्ष्ण शब्दांत बोट ठेवले. परंतु ते त्याच्या समोर, त्याच्या रथावर बसून आणि त्याच्याच कल्याणासाठी ठेवले. त्यानंतर अर्जुनाची प्रत्येक शंका ऐकून घेतली. ज्याला दोष दाखवावयाचा त्याला उत्तर देण्याची संधी देणे, हे हितबुद्धीचे लक्षण होय.

निनावी निंदेने ज्याची निंदा होते त्याची हानी होते, हे उघडच आहे. परंतु निंदकाची हानी त्याहून खोल असते आणि ती सहसा ध्यानात येत नाही. सत्राजित चुकला, पण त्याच्या चुकीवर त्याचे नाव होते; म्हणून त्याला लाज वाटू शकली, अपराध धुण्याचा मार्ग शोधता आला, आणि शेवटी आपली कन्या सत्यभामा भगवंतांना अर्पण करून तो त्यांचा आप्त झाला. जे कुजबुजले त्यांना पश्चात्तापाची वाटही उरली नाही. जो कोणी नाही, त्याने क्षमा कोणाच्या नावाने मागावी? मुखवटा धारण करणारा शिक्षेपासून कदाचित सुटेल, परंतु त्याबरोबर तो प्रायश्चित्तालाही मुकतो.

तेराव्या अध्यायात देहातील परमपुरुषाला ‘उपद्रष्टा’ म्हटले आहे. जवळ बसून पाहणारा तो साक्षी कल्पित नावाने फसत नाही. म्हणून लिहिण्यापूर्वी साधकाने स्वतःला इतकेच विचारावे: उद्या राजसभेत बोलावणे आले, तर हे वाक्य माझे आहे असे मला म्हणता येईल काय? म्हणता येत असेल, तर प्रसंगी नाव झाकूनही ते योग्य ठिकाणी सांगावे. म्हणता येत नसेल, तर ते लिहू नये. आणि दुसऱ्याने लिहिलेले असल्यास पुढच्याच्या कानी घालू नये.