आतला रंग

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एक वस्ताद होते. पत्र्याचं काम करायचे. ठोकलेली गाडी असो, चेपलेली असो, गंजून चाळण झालेली असो, त्यांच्या शेडमध्ये आली की पूर्ववत होऊन बाहेर पडायची. वेळ मात्र लागायचा. त्यामुळे घाई असलेलं गिऱ्हाईक शेजारच्या शेडमध्ये जायचं आणि वस्तादांकडे उरायची ती जुन्या गाड्यांची माणसं.

त्यांच्या हाताखाली आयटीआय अर्धवट सोडून आलेला एक पोरगा होता. हात चांगला होता त्याचा. पण डोक्यात सोनं होतं.

ते सोनं चहाच्या टपरीवरच्या एका म्हाताऱ्यानं भरवलेलं. म्हातारा सांगायचा त्यातलं अर्धं खरंच होतं. १९६८ साली देशात सुवर्ण नियंत्रण कायदा आला आणि १९९० पर्यंत राहिला. त्या काळात आखातातून चोरटं सोनं यायचं ते दहा-दहा तोळ्यांच्या बिस्किटांत. एक बिस्कीट ११६ ग्रॅमच्या वर भरायचं. किनाऱ्यावर उतरलेला माल पुढे न्यायला गाडीतल्या पोकळ जागा सोयीच्या पडायच्या. इथपर्यंत ठीक. यापुढे म्हातारा सांगायचा की अशीच एका फियाटच्या दारात चार बिस्किटं राहून गेली, पुढे ती एका मिस्त्रीला गावली आणि त्यानं बंगला बांधला. कुठला मिस्त्री, कुठं बंगला, असं विचारलं की म्हातारा आणखी एक कटिंग मागवायचा.

तेव्हापासून पोरगा प्रत्येक जुनी गाडी झडतीला घ्यायचा. गावायचंही पुष्कळ. सीटच्या स्प्रिंगांत चार आण्याची नाणी, जी ३० जून २०११ पासून कुणी घेत नाही. ॲल्युमिनियमची पाच पैशाची चौकोनी नाणी. केसांचे आकडे, बांगडीच्या काचा, एसटीची तिकिटं, शर्टाची बटणं, अंगाऱ्याची पुडी. बॉनेटखाली उंदरानं सीटचा काथ्या ओढून आणून केलेलं घरटं आणि त्यात शेंगांची टरफलं. कुंभारमाशीचं मातीचं घर तर अशा जागी की तिला तिथं शिरायला वाट कुणी दाखवली कोण जाणे. आणि आपल्या भागातली गाडी असली की हमखास गुलाल. जोतिबाला एकदा जाऊन आलेली गाडी तुम्ही दहा वेळा धुवा, दाराचं पॅड काढलं की फटीत गुलाबी रेघ असतेच. एकदा एका डिकीच्या कोपऱ्यात शाळेचं प्रगतिपुस्तक निघालं, गणितात नापास. ते कुणी आणि का दडवलं असेल हे सांगायला नको. वस्तादांनी ते पुसून ठेवलं आणि गाडीबरोबर मालकाला दिलं. मालकाचे केस पांढरे झालेले होते. तो बराच वेळ हसत उभा राहिला.

पोऱ्याला यातलं काही नको होतं. तो बोटाच्या पेरानं दारं वाजवत फिरायचा आणि कान लावून ऐकायचा. वस्ताद बघायचे, पण बोलायचे नाहीत. पोरगा सोन्यासाठी का होईना, पत्रा ऐकायला शिकतोय हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. कारण मोकळा पत्रा वाजतो वेगळा, लांबी म्हणजे पुट्टी भरलेला वेगळा, आणि आतून कुजलेला तर वाजतच नाही.

अशात एक फियाट आली. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यातली, पद्मिनी नाव लागलेली, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली. मूळ मालक शाहूपुरीतले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची खूण बारा फुटांनी मागं टाकली, तेव्हा ही गाडी अंगणात खिडकीच्या काचांपर्यंत पाण्यात होती. नंतर ती धुतली, पुसली, काही वर्षं झाकून ठेवली आणि शेवटी विकली. घेणारा लग्नाच्या वरातीला आणि फोटोंना जुन्या गाड्या भाड्यानं देणारा होता.

"पांढरी शुभ्र करा वस्ताद," तो म्हणाला. "बॉडी ओरिजिनल हाय, मी बघूनच घेतलीया. दारावर खाली फोड आल्यात तेवढे घासून मारा. पंधरा दिवसांत पहिली वरात हाय."

तो गेल्यावर पोऱ्यानं सवयीनं दारं वाजवली. उजवं पुढचं दार टणकन बोललं. डावं पुढचं बद्द वाजलं. त्यानं डावं दार उघडून पाहिलं तर ते चांगलंच जड होतं, बिजागरीतून खाली बसलेलं. त्यानं पुन्हा वाजवलं. बद्द. आणि पोऱ्याच्या डोळ्यांपुढे चार बिस्किटं उभी राहिली.

त्यानं काच फिरवायचा हँडल काढला, रेक्झिनच्या पॅडच्या क्लिपा एकेक करून उचकटल्या आणि हात आत घातला. हाताला काहीतरी घट्ट, गार लागलं. त्यानं स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून ओढलं. दाराच्या तळातून पंचगंगेचा गाळ निघाला. सुकून दगड झालेला, पाटीभर.

गाळाखाली पत्रा असायला हवा होता. तिथं कागद होता. गोळा करून ठासलेलं वर्तमानपत्र. बहुतेक सगळं कुजून गेलेलं, पण ज्या भागानं लांबीतला चिकट रस पिऊन घेतला होता तो कडक होऊन राहिलेला आणि त्याच्यावरची अक्षरं शाबूत. उसाच्या दराची बातमी, एका सिनेमाची अर्धी जाहिरात, आणि तारखेच्या ओळीत साल, १९९८.

"काय गावलं?" वस्तादांनी विचारलं.

"पेपर."

वस्ताद आले. खिशातला लोहचुंबक काढून त्यांनी दारावर बाहेरून टेकवला. वरच्या भागाला तो चिकटला. खाली चार बोटांच्या पट्टीत सोडला की पडायचा. मग त्यांनी छिन्नी लावून हलकेच ठोकलं आणि दाराच्या बुडाचा एक तुकडा भाकरीसारखा मोडून हातात आला. त्याच्या कडेला थर दिसत होते. आत कागद, त्यावर लांबी, बदामी रंग. पुन्हा लांबी, हिरवा रंग. पुन्हा लांबी, पांढरा रंग. लोखंड त्यात कुठंच नव्हतं.

गाडीच्या दाराची रचना ज्याला माहीत नाही त्याला वाटेल की गंज बाहेरून लागतो. तसं नसतं. पावसाचं पाणी काचेच्या कडेनं दाराच्या पोटात उतरतंच, कितीही चांगलं रबर असलं तरी. म्हणून कारखान्यात दाराच्या तळाशी बारीक भोकं ठेवतात आणि पाणी तिथून ठिबकून जातं. भोकं धुळीनं, पाल्यानं बुजली की पाणी आत साचतं आणि पत्रा आतून बाहेर कुजत येतो. बाहेरच्या रंगावर फोड दिसतो तेव्हा आतलं सगळं होऊन गेलेलं असतं. या दारात १९९८ च्या मिस्त्रीनं कुजका भाग कापला नाही. भोक पडलं होतं तिथं त्या दिवसाचा पेपर ठासला, लांबी फासली, रंग मारला. पाण्याची भोकंही त्याच्यात गेली. मग पाणी आणखी साचलं. दुसऱ्या मिस्त्रीनं फोड घासून त्यावर लांबी फासली, तिसऱ्यानं दुसऱ्याच्या लांबीवर. पुराचं पाणी आत शिरलं ते गाळासकट तिथंच राहिलं.

"आता उजवं उघड," वस्ताद म्हणाले.

पोऱ्याचा उत्साह गेला होता, पण त्यानं उघडलं. या दारालाही तेच तीन रंग होते, म्हणजे गाडी रंगवताना दोन्ही दारं बरोबरच रंगवली गेली होती. पूरही दोघांनी सारखाच पाहिलेला. आत हात घातला तर तळ कोरडा. बॅटरी मारून पाहिलं. हे दारही कधीतरी कुजलं होतं. पण इथं कुणीतरी कुजका पत्रा चांगल्या लोखंडापर्यंत कापून काढला होता, तेवढ्याच मापाचा नवा पत्रा वाकवून गॅस वेल्डिंगनं जोडला होता, आणि जोड आतल्या बाजूनंही घासून सपाट केला होता. त्यावर रेड ऑक्साइड मारलेला, कोपऱ्यात, पट्टीच्या मागे, जिथं ब्रश तिरका धरल्याशिवाय पोचत नाही तिथंसुद्धा. तळाची भोकं नव्यानं पाडलेली. पुराचं पाणी जसं आलं तसं त्यांतून निघून गेलं होतं. गाळाची नुसती साय उरली होती.

पोऱ्यानं बॅटरी फिरवून फिरवून पाहिलं. कुठं नाव नाही, खूण नाही.

"कुणी केलं आसंल वो?"

"काय म्हाईत. असंल कोणतरी."

पोरगा जरा वेळानं म्हणाला, "म्हंजी ह्या दाराला एकदा पैसं गेलं आणि त्या दाराला तीनदा."

"व्हय."

"पण वस्ताद, त्या पेपरवाल्याला काय फरक पडला? त्यानं पैसं घेतलं, घरी गेला. ह्यो उजव्या दारावाला दोन दिवस राबला आसंल. बाहेरनं दोन्ही दारं सारखीच दिसली की तवा."

गोष्टीतल्या वस्तादानं इथं सांगायला हवं की लबाड मिस्त्रीचं पुढे वाटोळं झालं. हे वस्ताद तसे नव्हते.

"त्याला काईबी फरक पडला नसंल," ते म्हणाले. "शेड मोठं केलं आसंल त्यानं, खोटं कशाला बोलू? फरक दाराला पडला. आपण काम दाराचं करायचं असतंय. मालकाच्या डोळ्याचं केलं तर मालक फसतोय, दार न्हाई फसत."

दुसऱ्या दिवशी मालक आला. दाराचं मोकळं बूड बघून आधी त्याचा आवाज चढला. वस्तादांनी तुकडा हातात दिला, थर दाखवले, साल वाचून दाखवलं. मग आवाज विकणाऱ्याकडे वळला. "ओरिजिनल पत्रा म्हणून पैसं मोजून घेतलं माझ्याकडनं! लबाड लेकाचा!" असं बरंच. गाडी विकणाऱ्यालाही आत कागद आहे हे बहुधा ठाऊक नसावं, पण त्या क्षणी हे सांगून उपयोग नव्हता.

राग ओसरल्यावर त्यानं विचारलं, "आता किती लागतील?"

वस्तादांनी पत्रा, गॅस, मजुरी धरून आकडा सांगितला आणि वर आठ दिवस जास्त मागितले.

"आठ दिवस? वरात हाय म्हटलं की! आवं, ही गाडी काय पुण्याला पळवायचीया? नवरा-नवरी बसणार, फोटू काढणार, उतरणार. तुम्ही आसं करा, भरून टाका त्यात कायतरी आणि वरनं लांबी मारा. दोन-चार वर्षं काढली की झालं. मग देऊन टाकू कुणालातरी."

वस्ताद काही बोलायच्या आत पोरगा टपरीकडे गेला आणि परत आला. त्याच्या हातात त्या दिवसाचा पेपर होता.

"ह्यो चालंल का, मालक?"

त्यानं हे टोमणा म्हणून केलं की खरंच विचारलं, हे वस्तादांनाही नीट कळलं नाही. त्याचा चेहरा अगदी सरळ होता. मालकानं पेपराकडे पाहिलं, मग हातातल्या तुकड्याकडे. १९९८ चा ऊसदर आणि आजचा पेपर, दोन्ही त्याच्यासमोर होते. ज्याला तो पाच मिनिटांपूर्वी लबाड म्हणाला होता, त्याची जागा रिकामी झाली होती आणि ती घ्यायची की नाही एवढंच ठरवायचं होतं.

"पत्राच घाला," तो शेवटी म्हणाला. "वरातीला दुसरी गाडी बघतो."

मनापासून म्हणाला असंही नाही. जाताना कुरकुरतच गेला.

आठ दिवसांचे अकरा झाले. कुजका भाग कापत गेले तसा तो वाढत गेला, हे नेहमीचंच. वेल्डिंग वस्तादांनी केलं, आतली घासाई पोऱ्यानं. रेड ऑक्साइड मारताना त्यानं उजवं दार दोनदा उघडून बघितलं, तिथल्या माणसानं पट्टीच्या मागे ब्रश कसा घातला असेल ते. शेवटी दाढीचा जुना ब्रश मोडून, तारेला बांधून त्यानं तो कोपरा गाठला.

गाडी न्यायला मालक आला तेव्हा त्यानं बिल ओळ न ओळ वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"आतनं रेड ऑक्साइड, हे काय? आतलं कोण बघायला जातंय? ह्याचं पैसं कशाला?"

वस्तादांनी पेन घेतलं आणि ती ओळ खोडली.

"म्हंजी? रंग काढून घेतलासा?"

"न्हाई. रंग तिथंच हाय. पैसं काढलं."

मालक जरा घुटमळला, मग उरलेले पैसे मोजून गाडी घेऊन गेला. पोरगा मात्र फुगला. एवढा आख्खा डबा संपवला होता त्यानं, आणि त्याची ओळच गेली.

"वस्ताद, त्या डब्याचं पैसं आता कोण देणार?"

"आपणच," वस्ताद म्हणाले. "पुढच्या टायमाला चार लिटरचा आण. लहान डबा लई महाग पडतोय."