तोटा कोणी सोसायचा?

‘आठवत नाही, सर,’ हे उत्तर मी गेली अठ्ठावीस वर्षे ऐकत आलो आहे. खिडकीची काच कोणी फोडली, प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही कोणी केली, असे काही विचारले की मुले जमिनीकडे पाहत हे उत्तर देतात. आणि मुलाला सारे लख्ख आठवते आहे, हे मला ऐकताक्षणीच कळते. २०२४ च्या सप्टेंबरात एका परक्या गृहस्थाने मला माझ्याच दारात एक साधा प्रश्न विचारला. एका हायस्कूलचा मुख्याध्यापक असलेल्या मी उत्तर दिले, ‘आठवत नाही.’ त्या उत्तराची हकिकत सांगावी आणि त्यातून निघालेला प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बडोद्यात राहणाऱ्याला विश्वामित्रीचा स्वभाव ठाऊक असतो. एरवी ती आपल्या मगरींना पोटाशी घेऊन सयाजीबागेजवळून मुकाट्याने वाहत असते. पण वर आजव्याचा तलाव भरला आणि शहरावरही पाऊस कोसळत राहिला, की तिचे रूप पालटते. २०१९ च्या जुलैअखेरीस तिने ते दाखवले होतेच. २०२४ मध्ये गोकुळाष्टमीच्या सुमारास, २६ ऑगस्टनंतरच्या दोन-तीन दिवसांत, पुन्हा तेच झाले. धोक्याची पातळी २५ फूट; पाणी ३५ फुटांच्याही वर गेले. लष्कराला पाचारण करावे लागले. मगरी वस्त्यांमध्ये शिरल्या. आमच्या सोसायटीचा तळमजला दोन दिवस पाण्यात होता, आणि तिथेच माझी सात वर्षे वापरलेली लहानशी मोटार स्टिअरिंगपर्यंत बुडून उभी होती.

पाणी ओसरल्यावर मी चिखल तुडवत गाडीपाशी गेलो, दार उघडले आणि किल्ली फिरवली. कशासाठी, ते सांगता येणार नाही. आजारी माणसाला हाक मारून पाहावी, तसेच काहीसे ते होते. आतून ‘खट्’ असा एकच जाड आवाज आला आणि सारे गप्प झाले.

आमचे गॅरेजवाले गुजराती. वीस वर्षांचा परिचय. त्यांचेही गॅरेज पाण्यात गेले होते, अवजारे गंजू लागली होती. गाडी ओढून आणल्यावर त्यांनी पहिलाच प्रश्न केला, ‘साहेब, चावी फेरवी हती?’ मी ‘हो’ म्हणालो. डॉक्टर आणि मेकॅनिक यांच्यापाशी खोटे बोलण्यात नुकसान आपलेच असते. त्यांनी इंजिन खोलून दाखवले. ऑइल चहासारखे दुधाळ झालेले. एअर फिल्टरच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेले होते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळला आणि त्याचा कनेक्टिंग रॉड वाकला. हात लावला नसता तर पाणी काढून, ऑइल बदलून, साफसफाईवर बहुधा भागले असते. आता रॉड, पिस्टन, रिंगा, बेअरिंगे, सगळेच आले. खर्चाचा अंदाज १,१८,००० रुपये. गाडीची विम्यातली किंमत जेमतेम अडीच लाख.

विमा होता. पण पुराने थेट केलेले नुकसान आणि बुडालेले इंजिन मालकानेच सुरू करायला जाऊन केलेले नुकसान, या दोहोंत विमा कंपन्या भेद करतात. दुसऱ्यासाठी वेगळा हप्ता भरून इंजिनाचे संरक्षण घ्यावे लागते. मी ते घेतले नव्हते. शेजारच्यांनी सावध केले, ‘सर्व्हेअर विचारेल, नाही म्हणून सांगा. सगळे तेच सांगतात.’ सर्व्हेअर आला, त्याने विचारले, आणि ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य नसल्यामुळे मी ‘आठवत नाही’ म्हणालो. खोटे बोलायलाही एक प्रकारचे धैर्य लागते. ते नसले की माणूस असा अर्ध्या वाटेवर थांबतो आणि त्यालाच प्रामाणिकपणा समजतो.

रात्री जेवताना सौ. म्हणाली, ‘तुम्हाला आठवत नाही? मला तर तो आवाज वर गच्चीत ऐकू आला होता.’ ती रागावली नव्हती, टोमणाही मारत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी सर्व्हेअरना फोन करून खरे ते सांगितले. ते क्षणभर थांबले, ‘बरं’ म्हणाले आणि त्यांनी नोंद केली. सीट, वायरिंग वगैरेंचे पैसे घसारा वजा जाऊन मिळाले. इंजिनाचे मिळाले नाहीत.

हे सांगून मला स्वतःची आरती ओवाळायची नाही. फोन ठेवल्यावर मला शांत वाटले, असेही मी म्हणणार नाही. पोटात गोळाच आला. सात वर्षे बिनतक्रार हप्ते भरले, एवढ्या मोठ्या कंपनीला लाखभर रुपयांचे काय, हा विचार मनात आला आणि आजही येतो. त्याला एकच उत्तर मला सापडले. कंपनीची तिजोरी म्हणजे माझ्यासारख्या अनेकांचे हप्ते. माझ्या खोट्याचे पैसे शेवटी त्यांच्याकडूनच वसूल होणार; फक्त ते मला दिसणार नाहीत. आता, बारीक अक्षरातला तो नियम ग्राहकाला आधी कोणी समजावून सांगत नाही, ही माझी तक्रार खरी आहे. पण तिच्यासाठी तक्रार अर्ज आहे, विमा लोकपाल आहेत, ग्राहक आयोग आहे. नियम अन्यायाचा वाटला तर त्याच्याशी उघड भांडावे. चोरवाट धरली की भांडण्याचा हक्क आपणच सोडून देतो.

खरी परीक्षा पुढेच होती. जुन्या गाड्यांचा एक दलाल गॅरेजात आला. त्याचे म्हणणे, एवढा खर्च कशाला? वरवर दुरुस्ती करू, सीट बदलू, अत्तर फवारू. गाडी त्याने नेली. ‘बहारगाम जशे, साहेब. तमने कोण पूछवानुं?’ बाहेरगावी म्हणजे कुठे, असे मी विचारले. ‘नवापूर, नंदुरबार, धुळे,’ तो म्हणाला.

नवापूरचे स्टेशन आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्याचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत. फलाटावरून चार पावले टाकली की राज्य बदलते. गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची तर परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो. कर थकला आहे का, गाडीवर कर्ज आहे का, हे सारे त्यासाठी पाहिले जाते. पण हिच्या इंजिनात पाणी शिरले होते का, असा रकाना त्यात नाही. म्हणजे सीमा ओलांडताना गाडीबरोबर कागद जातो, तिची हकिकत अलीकडेच राहते. आणि बुडालेल्या गाडीची वायरिंग आज चालते, सहा महिन्यांनी आतून गंजून दगा देते. तो दगा एखाद्याला कोंडाईबारीच्या घाटात, रात्री, मुलेबाळे बरोबर असताना मिळू शकतो.

यात कायदा काय म्हणतो? १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमाखाली एक उदाहरण दिले आहे. एक माणूस लिलावात आपला घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. नुसते गप्प राहणे म्हणजे फसवणे नाही. पण लगेच पुढचे उदाहरण असे की, घोडा घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र त्या नात्यामुळे खोड सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. हे वाचून मी बराच वेळ थांबलो. घोडा तोच, खोड तीच, मौन तेच. फरक एवढाच, की समोर लेक आहे की परका. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण आपणही तिथेच ओढायची का?

हा वाद जुना आहे. रोमचा सिसेरो इसवी सनापूर्वी ४४ मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर ग्रंथ लिहीत होता. त्यात सदोष घर विकणाऱ्याचा प्रश्न त्याने घेतला आहे. डायोजिनीस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, खोटे बोलू नये, पण सगळेच सांगण्याची सक्ती नाही. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, विकणाऱ्याला जे ठाऊक ते घेणाऱ्यालाही ठाऊक हवे. सिसेरोचा कौल शिष्याला आहे. आपल्याकडे कौटिल्यानेही खरेदी-विक्री रद्द होण्याची कारणे सांगताना मालातला दोष एक कारण म्हणून दिला, आणि राजा, चोर, अग्नी व पाणी यांनी मालावर आणलेले संकट हे वेगळे कारण धरले. माझ्या गाडीत दोन्ही एकत्र आली होती.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. त्याच पुरात रिक्षावाल्यांच्या रिक्षा बुडाल्या, टेंपोवाल्यांचे टेंपो बुडाले. माझ्या खऱ्याची किंमत भविष्यनिर्वाह निधीतून निघाली आणि घराच्या रंगाचे काम पुढे गेले. त्यांच्यापैकी एखाद्याच्या खऱ्याची किंमत त्याच्या घरातल्या चुलीतून निघाली असती. त्याने सर्व्हेअरला काय सांगितले, हे विचारण्याचा अधिकार पगारदार माणसाला नाही. त्याला न्यायच्या दुरुस्त्या सुचवण्यापेक्षा मदतीचा हात पुढे करावा. पण ज्याला तोटा सोसवतो, त्याने तरी तो पुढे ढकलू नये, एवढे मागणे फार नाही.

दलालाला मी नको म्हणालो. गॅरेजवाल्यांना सगळी परिस्थिती सांगितली, तेव्हा ते म्हणाले, पैसे तीन हप्त्यांत द्या. जुना पण चांगला निघाला तो भाग त्यांनी ठेवला आणि तसे बिलावर लिहिले. मुलीने आपल्या पहिल्या पगारातले काही पैसे आणून ठेवले. शेवटचा हप्ता फिटला तोवर नवरात्र उलटून गेले होते. तेव्हा मला एक साधी गोष्ट उमगली. तोटा उघड सांगितला की तो वाटून घेता येतो. थोडा गॅरेजवाला उचलतो, थोडा घरचे उचलतात. लपवलेला तोटा वाटता येत नाही. तो हातोहात पुढे सरकत जातो आणि शेवटी ज्याला काहीच माहीत नाही, अशा एकाच माणसावर सगळा कोसळतो. पूर आला यात दोष कोणाचाच नव्हता. पण त्याचे पाणी नवापूरपलीकडे कोणाच्या अंगणात सोडायचे की नाही, हे मात्र माझ्या हातात होते.

गाडी अजून चालते. कधीतरी ती विकावी लागेलच. गॅरेजचे ते तीन पानी बिल मी नोंदणीच्या कागदांबरोबर, पुढच्या खणात ठेवले आहे. घेणारा ते वाचून तीस-चाळीस हजार कमी करील. करू दे. तो कोणाची तरी लेक बरोबर घेऊन घाट चढणार आहे.